परसबागेच्या छाटणीसाठी हत्यारे कशी निवडावीत?



या पत्रिकेतून आम्ही नेहमी बेणे, लागण, खते, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहीत असतो. या वेळचा विषय फडाचा नसून घरामागच्या परसाचा आहे. आपल्या बहुतेक सभासदांच्या घराजवळ थोडी तरी झाडे असतातच. मोरीच्या पाण्यावर वाढलेले कागदी लिंबू, गोठ्याशेजारचा शेवगा, विहिरीवरचा पेरू, बांधावरचा आंबा, दारातली जास्वंद, मोगरा, गुलाब आणि कढीपत्ता. या झाडांना आपण पाणी घालतो, शेणखतही घालतो. छाटणीची वेळ आली की मात्र हाताला येईल ते हत्यार उचलतो आणि हाताला येतो तो बहुधा कोयता.

गटागटांत फिरताना आम्हाला जी वाळलेली लिंबाची झाडे दिसतात, त्यांतल्या पुष्कळ झाडांवर कोयत्याच्या जुन्या खुणा असतात. फांदीचे खुंट राहिलेले, साल खालपर्यंत सोललेली आणि त्या जागी भोक पडून भुसा गळत असलेला. लिंबाचे रोप लावल्यापासून फळ हाती यायला चार-पाच वर्षे जातात. चार वर्षांची वाट पाहणे एका सकाळच्या वाईट छाटणीने पाण्यात जाऊ नये, म्हणून छाटणीच्या हत्यारांची माहिती येथे देत आहोत.

कोयता फडात योग्य, झाडावर नाही

कोयत्याला आम्ही नावे ठेवत नाही. आपल्याकडे तोडणीच्या नवरा-बायकोच्या जोडीलाही ‘एक कोयता’ म्हणतात, इतका तो आपल्या धंद्यात मुरलेला आहे. परंतु ऊस आणि झाड यांत मुळातच फरक आहे.

ऊस हे गवताच्या जातीचे पीक. जमिनीलगत तोड झाली की जमिनीखालच्या डोळ्यांतून नवे फुटवे येतात. तोडलेल्या कांडीशी बेटाचा संबंध तिथेच संपतो. म्हणून एका घावात, जमिनीसरसा तुकडा करणारे जड पात्याचे हत्यार तिथे बरोबर आहे. तिथेसुद्धा कोयता बोथट असला, बुडखा चिरला, तर खोडव्याची फूट कमी येते, हा अनुभव सर्वांना आहे.

झाडाचे तसे नाही. फांदी कापली तरी जिथून कापली तो भाग झाडावरच राहतो आणि पुढे कित्येक वर्षे राहणार असतो. सालीच्या लगेच आत एक पातळ ओलसर थर असतो. खोड जाड होते ते या थरामुळे आणि कापलेल्या जागेवर नवी साल चढते तीही याच थरातून. माणसाची जखम भरते तशी झाडाची जखम भरत नाही. झाड ती जागा आतून बंद करून घेते आणि कडेकडेने नवी साल आणून वरून झाकते. कापाची कड गुळगुळीत असेल तर नवी साल गोल फिरून लवकर मिळते. कड फाटलेली, चेचलेली असेल तर तिथे पाणी साचते, बुरशी शिरते. आंब्यासारख्या झाडावर भिरुडाची मादी अशाच फटींत आणि जखमांत अंडी घालते.

कोयत्याचा घाव एका जागी बसत नाही. पहिला घाव सालीत अडकतो, दुसरा शेजारच्या फांदीला लागतो आणि तिसऱ्याला अर्धवट कापलेली फांदी स्वतःच्या वजनाने खाली येते, ती येताना खोडाची हातभर साल सोलूनच येते. कुऱ्हाडीचेही तेच. यावरून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. छाटणीच्या हत्याराची किंमत पडलेल्या फांदीवरून ठरत नाही. झाडावर मागे राहिलेल्या कापावरून ठरते.

आधी फांदी पाहा, मग हत्यार

दुकानात गेल्यावर दहा प्रकारच्या कात्र्या दिसतात आणि माणूस गोंधळतो. म्हणून घरून निघतानाच आपल्या झाडांवरच्या फांद्या किती जाडीच्या आहेत ते पाहून जावे. ढोबळ हिशेब असा :

१) अंगठ्याच्या जाडीपर्यंत, म्हणजे सुमारे २ सेंटिमीटरपर्यंत : हातातली छाटणीची कात्री, जिला सगळेजण सिकेटर म्हणतात.

२) २ ते ४ सेंटिमीटरपर्यंत : लांब दांड्याची, दोन्ही हातांनी धरायची कात्री.

३) ४ सेंटिमीटरच्या पुढे मनगटाएवढ्या आणि त्याहून जाड फांद्या : छाटणीची करवत.

४) मेंदी, कोयनेल अशा कुंपणाचे कोवळे शेंडे : कुंपणाची लांब पात्याची कात्री.

साधारण परसबागेला यांतली पहिली आणि तिसरी, एवढी दोनच हत्यारे पुरतात. एक चांगली हातकात्री आणि एक करवत. बाकीची गरजेप्रमाणे. ज्यांच्याकडे मेंदीचे कुंपण नाही त्यांनी कुंपणाच्या कात्रीवर पैसे घालवू नयेत. त्या कात्रीने लिंबाची किंवा गुलाबाची छाटणी तर मुळीच करू नये. ती पाती कोवळ्या पाल्यासाठी असतात.

हातकात्री कशी पारखावी

सिकेटर हा शब्द मूळचा फ्रेंच. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील द्राक्षबागांतून ही कात्री प्रचारात आली. आपल्याकडेही नाशिक, सांगली भागांतल्या द्राक्षबागांत एप्रिलच्या खरड छाटणीला आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला मजुरांच्या हाती हीच कात्री असते. दिवसभरात हजारो काप घेणारी माणसे जे हत्यार पसंत करतात ते डोळे झाकून चालवू नये, पण त्यांच्या पसंतीला अर्थ असतो हे खरे.

हातकात्रीचे मुख्य प्रकार दोन.

पहिल्या प्रकारात एक धारदार, बाकदार पाते असते आणि दुसऱ्या बाजूला बिनधारेची चंद्रकोरीसारखी आकडी असते. शिंप्याच्या कात्रीप्रमाणे पाते आकडीच्या शेजारून सरकत जाते. फांदी आकडी धरून ठेवते आणि पाते कापते. काप स्वच्छ येतो. ओल्या, जिवंत फांदीसाठी हीच कात्री घ्यावी.

दुसऱ्या प्रकारात धारेचे पाते सरळ असते आणि ते खालच्या सपाट पट्टीवर येऊन बसते. याला ऐरणीची पद्धत म्हणावी. अडकित्त्याखाली सुपारी दाबावी तशी फांदी पट्टीवर दाबली जाते. वाळलेल्या, कडक काड्या यात कमी जोराने तुटतात, म्हणून वाळके काढायला ही कात्री ठीक. ओली फांदी मात्र एका बाजूने चेचली जाते. ही कात्री सहसा स्वस्त दिसते आणि सभासद तीच घेऊन येतात. घरात एकच कात्री ठेवायची असेल तर पहिल्या प्रकारचीच ठेवा.

प्रकार ठरला की वस्तू हातात घेऊन पुढील गोष्टी तपासाव्यात. दुकानदार नको म्हणत नाही, आणि म्हणालाच तर दुकान बदलावे.

पाते. पाते चांगल्या पोलादाचे आणि घडवलेले असावे. पत्र्यातून कापून काढलेले, रंग फासलेले पाते दोन महिन्यांत बोथट होते. जास्त कर्ब असलेल्या पोलादाला धार चांगली येते आणि टिकते, पण ते गंजते. त्याला तेल लावण्याची सवय हवी. न गंजणाऱ्या पोलादाची निगा सोपी, पण त्यातल्या हलक्या मालाला धार धरत नाही. पात्यावर काळा किंवा हिरवा गुळगुळीत लेप असला म्हणजे पोलाद चांगलेच, असे समजू नये. लेप चीक चिकटू नये यासाठी असतो.

जोड. दोन्ही दांडे हातात धरून पाती आडवी हलवून पाहावीत. बोल्टजवळ खडखडली तर ती कात्री ठेवून द्यावी. फट असली की फांदी कापली न जाता दोन पात्यांच्या मध्ये दुमडते. जोडाला नुसती ठोकलेली रिबेट नसावी, पाना लावून आवळता येईल असा बोल्ट-नट असावा. सैल झाली तर घरी आवळता येते आणि धार लावायला पाती सुटी करता येतात.

कागदाची परीक्षा. वहीचा पातळ कागद पात्याच्या पूर्ण लांबीत कापून पाहावा. बुडापासून टोकापर्यंत सरळ कापला तर पाती नीट बसलेली आहेत. टोकाजवळ कागद फाटला किंवा दुमडला तर काड्याही तशाच फाटणार.

स्प्रिंग आणि खटका. स्प्रिंग दोन्ही बाजूंना घट्ट बसलेली असावी. कामाच्या मध्येच उडून पाल्यात पडली तर सापडत नाही. बंद करण्याचा खटका अंगठ्याने सहज लागावा, पण काम चालू असताना आपोआप पडू नये.

मूठ. हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित. कात्री पूर्ण उघडल्यावर चारही बोटे खालच्या दांड्यावर सहज पोचली पाहिजेत. मोठ्या हाताला २० ते २२ सेंटिमीटर लांबीची कात्री बसते, लहान हाताला १७-१८ सेंटिमीटरची. येथे आम्ही मुद्दाम सांगतो की बहुतेक घरांत परसबागेचे काम आपल्या माताभगिनीच करतात, आणि कात्री मात्र पुरुषाच्या हाताच्या मापाने खरेदी होते. मग ती खुंटीवर लटकत राहते आणि वहिनी पुन्हा विळा घेऊन गुलाब तोडतात. जी व्यक्ती कात्री वापरणार तिलाच दुकानात न्यावे. डावरे असाल तर आधी विचारावे. डाव्या हाताच्या कात्र्या मिळतात, आणि उजव्या हाताची कात्री डाव्याने चालवली तर काप कुठे बसतो ते दिसत नाही.

सुटे भाग. पाते आणि स्प्रिंग वेगळी मिळते का, हे बिल करण्याआधी विचारावे. पाते बदलता येणारी कात्री एकदा घेतली की वर्षानुवर्षे चालते. सुटे भाग न मिळणारी कात्री म्हणजे स्प्रिंग तुटली की भंगार.

एकदा एका सभासदाने विचारले, “साहेब, कात्रीच ती. बाजारात याच्या चौथाई पैशात मिळते की.” आम्ही म्हटले, “आबा, मोटारीचा पंप घेताना तुम्ही रंग बघता, की वायंडिंग करून देणारा माणूस जवळ आहे का ते बघता?” आबा हसले आणि म्हणाले, “ते बी खरंच हाय.” हत्याराच्या बाबतीत स्वस्त आणि महाग हे पहिल्या दिवशी ठरत नसते.

लांब दांड्याची कात्री

अंगठ्यापेक्षा जाड फांदी हातकात्रीत घालून दोन्ही हातांनी दाबणे किंवा कात्री पिळणे, हे कात्री मोडण्याचे मुख्य कारण आहे. एका दाबात कापली नाही तर ती फांदी त्या कात्रीची नव्हे, असा साधा नियम ठेवावा. तिथे लांब दांड्याची कात्री घ्यावी. हिचे दांडे साधारण ४५ ते ७५ सेंटिमीटर लांब असतात. दांडा जितका लांब तितका जोर कमी लागतो, हे पहारीचेच तत्त्व आहे. लिंबाच्या काटेरी झाडात हात न घालता आतली फांदी काढता येते, हा तिचा मोठा फायदा.

घेताना दांड्याला दाबून पाहावे, वाकता कामा नये. पाती मिटतात तिथे दोन्ही दांड्यांच्या मध्ये रबराची गादी असावी. नाही तर फांदी तुटताच दांडे एकमेकांवर आपटतात आणि मनगटाला हिसका बसतो. इथेही शेजारून सरकणाऱ्या पात्याचाच प्रकार निवडावा.

करवत

सुताराची करवत झाडाला वापरू नये. सुताराचे लाकूड वाळलेले असते, झाडाचे ओले. ओल्या लाकडाचा भुसा बारीक दातांत भरतो आणि करवत अडकते. लोखंड कापायच्या हॅक्सॉ पात्याचा तर झाडाशी काहीच संबंध नाही.

छाटणीच्या करवतीचे दात मोठे आणि थोडे बाहेर फाकलेले असतात, पाते किंचित बाकदार असते आणि मुख्य म्हणजे ती ओढताना कापते, ढकलताना नाही. झाडावर हात वर करून काम करताना ढकलण्यापेक्षा ओढणे सोपे, म्हणून अशी रचना. करवतीचे पाते फांदीच्या जाडीच्या निदान दुप्पट लांब असावे. ३० सेंटिमीटर पात्याची करवत घरच्या सर्व कामाला पुरते. मिटणारी, म्हणजे पाते मुठीत जाणारी करवत घेतली तर ती खिशात घालून नेता येते आणि घरात मुलांच्या हाती लागली तरी धोका कमी. मात्र पाते उघडल्यावर खटका पक्का बसतो का, ते दुकानातच चार वेळा उघडमीट करून पाहावे.

चांगले हत्यार, पण काप चुकीचा?

हत्यार आणले म्हणजे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे काप घेण्यात आहे.

हातकात्रीने कापताना धारेचे पाते झाडाकडे, म्हणजे मागे राहणाऱ्या भागाकडे ठेवावे आणि आकडी कापून पडणाऱ्या भागाकडे. आकडीचा दाब ज्या भागावर येतो तो थोडा चेचतो. तो भाग कापून पडणारा असावा. फांदी पात्याच्या टोकात न धरता आत बोल्टजवळ घ्यावी.

गुलाबाची काडी बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर सुमारे अर्धा सेंटिमीटर सोडून, तिरका काप देऊन कापावी. डोळ्याला चिकटून कापले तर डोळा वाळतो आणि फार वर कापले तर काडीचा खुंट वाळत खाली येतो. आपल्याकडे गुलाबाची छाटणी पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात करतात.

लिंबाच्या झाडावर सरळसोट वर जाणारे, जाड काट्यांचे पाणसोट, वाळलेल्या काड्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या, एवढेच काढावे. कलम असेल तर जोडाखालचे फुटवे दिसताक्षणी काढावेत. कलमी आंब्यालाही हे लागू. ते फुटवे वाढू दिले तर खुंट जोर धरतो आणि वरचे कलम मागे पडते.

जाड फांदी करवतीने तीन कापांत काढावी. पहिला काप खोडापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर, फांदीच्या खालच्या बाजूने, एक-तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा काप त्याच्या थोडा पुढे, वरच्या बाजूने, पूर्ण. फांदी पडेल, पण खालचा काप आधीच असल्यामुळे साल सोलली जाणार नाही. तिसरा काप उरलेल्या खुंटाचा. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सालीची एक फुगीर कडी असते, तिच्या लगेच बाहेरून हा काप घ्यावा. ही कडी कापू नये आणि तिच्यापुढे लांब खुंटही ठेवू नये. नवी साल या कडीतूनच येते. अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडांची खोडे उभी चिरून ही गोष्ट दाखवून दिली. त्याआधी खोडासरसा सपाट काप घेणे चांगले मानीत. ती पद्धत आता सोडून द्यावी.

एका वर्षात झाडाचा चौथाईहून जास्त हिरवा भाग काढू नये. एकदम उघडे पडलेले खोड एप्रिल-मेच्या उन्हात भाजते आणि साल तडकते. झडीच्या पावसातही छाटणी करू नये, कोरडी हवा पाहून करावी.

हत्यार रोगही वाहून नेते

खोडव्यात ऊस बुटका राहण्याचा जो जिवाणूजन्य रोग आहे, ज्याला आर. एस. डी. म्हणतात, तो रोगट उसातून निरोगी उसात कोयत्याच्या पात्यावरून जातो, हे आपण बेण्याच्या बाबतीत वाचले असेल. झाडांचेही तसेच आहे. डाळिंबावरचा तेल्या आणि कागदी लिंबावरचा खैऱ्या हे दोन्ही जिवाणूंचे रोग. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पसरतात, तसे छाटणीच्या ओल्या कात्रीवरूनही पसरतात. २००० नंतरच्या दशकात सोलापूर-नाशिक पट्ट्यातील डाळिंबाच्या बागा तेल्याने कशा गेल्या, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगायला नको.

म्हणून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना पाते पुसून निर्जंतुक करावे. औषधाच्या दुकानात मिळणारे स्पिरिट कापसावर घेऊन दोन्ही पाती पुसली तरी पुरे. मात्र पाते कोरडे होईपर्यंत जवळ विडी-काडी पेटवू नये. स्पिरिट नसेल तर कपडे पांढरे करायचे द्रावण १ भाग आणि पाणी ९ भाग घेऊन त्यात पाती बुडवावीत. याने लोखंड गंजते, तेव्हा काम संपल्यावर साध्या पाण्याने धुऊन, पुसून, तेल लावणे विसरू नये. रोगट झाडाची छाटणी नेहमी शेवटी करावी, आणि तिचा पाला उकिरड्यात न टाकता लांब नेऊन नष्ट करावा.

अंगठ्यापेक्षा जाड कापांवर बोर्डो मलम लावावे. बोर्डो मिश्रणाचा उपयोग फ्रान्समधील बोर्दो भागातील द्राक्षबागांत १८८५ च्या सुमारास सिद्ध झाला आणि आजही ते तितकेच उपयोगी आहे. घरगुती प्रमाण असे : मोरचूद १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर. अर्ध्या पाण्यात मोरचूद विरघळवावे, अर्ध्या पाण्यात चुना विझवून गाळून घ्यावा, आणि दोन्ही प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात एकत्र करावे. लोखंडी भांडे वापरू नये. तयार मलमात घासलेला स्वच्छ खिळा थोडा वेळ बुडवून पाहावा. खिळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे असे समजून आणखी थोडी निवळी घालावी. मलम त्याच दिवशी वापरून संपवावे.

धार आणि निगा

बोथट कात्री चेचते, आणि मग नव्या कात्रीला दोष दिला जातो. पाते एकाच बाजूने तासलेले असते, धार त्याच बाजूने लावावी. मूळचा उतार ठेवून कुरुंदाचा बारीक दगड बुडाकडून टोकाकडे, एकाच दिशेने फिरवावा. दुसऱ्या सपाट बाजूला नुसती कोर येते, ती दगड सपाट टेकवून एकदा काढावी. त्या बाजूला उतार पाडला तर दोन पात्यांत फट राहते आणि कात्री कायमची बिघडते. आकडीला धार लावू नये.

धार लावायला फिरत्या चाकावर देण्याची घाई करू नये. ठिणग्या उडून पाते तापले, निळसर झाले की पोलादाचे पाणी उतरते. मग कितीही धार लावली तरी टिकत नाही. करवतीची धार घरी लावण्याच्या भानगडीत न पडता, पाते बदलून मिळते अशीच करवत घ्यावी.

काम झाल्यावर चीक कोमट साबणाच्या पाण्याने धुवावा, आंब्याचा घट्ट चीक टर्पेंटाइनच्या बोळ्याने निघतो. पाती कोरडी करून शिवणयंत्राचे तेल दोन थेंब बोल्टवर आणि एक बोट पात्यावर फिरवावे. खाण्याचे तेल लावू नये, ते चिकट होऊन धूळ धरते. कात्री बंद करून, खटका लावून, उंच खुंटीवर ठेवावी. गोठ्यात, खताच्या पोत्यांशेजारी ठेवलेली कात्री लवकर गंजते.

जिवाची काळजी आधी

उंच फांदीसाठी लांब काठीची करवत किंवा दोरीने ओढायची कात्री मिळते. ती उपयोगी आहे, पण तिचा दांडा बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा असतो. विजेची तार जवळून गेली असेल त्या झाडाला असा दांडा लावू नये. ओल्या बांबूचाही भरवसा धरू नये. अशा झाडासाठी वायरमनला कळवून, वीज बंद करून घेऊनच फांद्या काढाव्यात. तारेवरच्या शेवग्याच्या शेंगांसाठी जीव घालवू नये.

शेवग्याची आणखी एक गोष्ट. त्याचे लाकूड ठिसूळ असते. त्यावर चढून छाटणी करू नये, शिडीही त्याच्या फांदीला टेकवू नये. कोणत्याही झाडाखाली फांदी पडणार त्या बाजूला मुले, गुरे नसल्याची खात्री करावी. लिंबू, बोर, गुलाब छाटताना जाड हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. काटा डोळ्यात गेला तर त्याची भरपाई नाही.

एकट्याला नको, चौघांत घ्या

वर सांगितलेली सर्व हत्यारे प्रत्येक घरात हवीत असे नाही. हातकात्री आणि करवत घरची असावी. लांब दांड्याची कात्री आणि काठीची करवत वर्षातून चार-आठ दिवसच लागते. ती वस्तीवरच्या चार-पाच घरांनी किंवा बचत गटाने मिळून एक चांगली घ्यावी. एकट्याच्या ऐपतीबाहेरचे काम मिळून करायचे, याच पायावर आपला कारखाना उभा आहे. तोच नियम कात्रीलाही लावायला काय हरकत आहे? अट एकच. दुसऱ्याच्या परसात देताना आणि परत आणताना पाती स्पिरिटने पुसायची. नाही तर कात्रीबरोबर रोगाचाही शेअर वाटला जाईल.

सारांश असा की :

१) कोयता फडात ठेवावा, झाडाला कात्री आणि करवत वापरावी.

२) शेजारून सरकणाऱ्या पात्याची, बोल्ट-नटाची, सुटे भाग मिळणारी हातकात्री, वापरणाऱ्याच्या हाताच्या मापाने घ्यावी.

३) एका दाबात कापली नाही तर मोठे हत्यार घ्यावे.

४) जाड फांदी तीन कापांत काढावी आणि कापावर बोर्डो मलम लावावे.

५) प्रत्येक झाडानंतर पाती पुसावीत, धार ठेवावी, तेल द्यावे.

तरी सभासदांनी पुढच्या छाटणीपूर्वी आपल्या घरच्या कात्रीची कागदाची परीक्षा करून पाहावी. कात्री नसेल तर घरातल्या जाणत्या बाईमाणसाला बरोबर घेऊन खरेदी करावी. धार लावण्याची पद्धत आणि बोर्डो मलम प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांनी आपल्या गटाच्या शेतकी कार्यालयात सांगावे. पाच-सहा सभासद जमले तर आम्ही वस्तीवर येऊन दाखवू. येताना कात्री आणू, झाड मात्र तुमचे.

— ऊस विकास अधिकारी